झुरळ काय खात नाही

झुरळ काहीही खातं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पुस्तकाच्या बांधणीतली खळ, साबणाची वडी, पाकिटावरचा डिंक, स्वतःची टाकलेली कात, मेलेले भाऊबंद. घरातलं अन्न तर हक्काचंच. यातलं काहीच खोटं नाही. पण उपाशी जीव काय खातो यावरून त्याची आवड कळत नाही. आवड कळते ती समोर चार पदार्थ असताना. तेव्हा झुरळ थांबतं, चाखतं, एक सोडून दुसऱ्याकडे वळतं, आणि कधी पोटात भूक असूनही पाठ फिरवतं. ही पुस्तिका त्या पाठ फिरवण्याबद्दल आहे. तिचा धागा साखरेचा आहे, कारण झुरळाला मारण्यासाठी माणसाने साखर वापरली आणि त्यातून झुरळाची चवच बदलली. ही हकिगत गेल्या चाळीस वर्षांतली आहे, तिचे पुरावे प्रयोगशाळेत तपासून झालेले आहेत आणि मराठीत ती फारशी कुणी सांगितलेली नाही.

मूर्तिजापुरात प्राणिशास्त्र शिकवताना झुरळाच्या आवडीनिवडीचा विषय निघाला की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, झुरय त साबनबी खाते, त्याले कायची चव?" वर्ग हसायचा. पण प्रश्न नेमका होता. साबण खाणाऱ्याला चव असते का? असते, आणि आपल्यापेक्षा कडक असते. पुढची पानं म्हणजे त्या बाकाला दिलेलं, जरा लांबलेलं उत्तर.

आधी कोणतं झुरळ ते ठरवून घेऊ. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती आहेत. त्यातल्या बहुतेक रानात, पाचोळ्यात, झाडाच्या सालीखाली राहतात आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. उपद्रवी म्हणाव्यात अशा जेमतेम तीस. आपल्या घरांत मुख्यतः दोन दिसतात. मोरीतून, गटारातून वर येणारं, तांबूस तपकिरी, बोटाच्या दोन पेरांएवढं मोठं ते पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. नाव अमेरिकन असलं तरी मूळ आफ्रिकेतलं. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ज्याच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे ते हेच. दुसरं लहान, दीड सेंटिमीटरच्या आतलं, फिकट पिवळसर तपकिरी, मानेमागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं. फ्रिजच्या मोटरमागे, मिक्सरच्या बुडाशी, गॅसच्या ओट्याखालच्या फटीत, उपाहारगृहाच्या लाकडी गल्ल्यात ते सापडतं. हे ब्लाटेला जर्मॅनिका. आपली गोष्ट मुख्यतः या धाकट्याची आहे.

लिनियसने १७६७ साली त्याला जर्मन हे नाव दिलं, पण जर्मनीच्या रानात ते कुठेच सापडत नाही. कुठल्याच रानात सापडत नाही. ते फक्त माणसाच्या घरात जगतं. मग आलं कुठून? २०२४ साली याचा उलगडा झाला. सतरा देशांतल्या २८१ झुरळांचे जनुक तपासून संशोधकांनी दाखवलं की हे झुरळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, ब्लाटेला असाहिनाई या रानझुरळापासून वेगळं झालं. माणसाने रान मोडून शेती केली, वस्ती केली, आणि शेतातलं झुरळ घरात शिरलं. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडे अरबी सत्तांच्या मुलखात पोचलं आणि सुमारे ३९० वर्षांपूर्वी युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळात पूर्वेकडे पसरलं. म्हणजे नाव जर्मन, माहेर इकडचं. या झुरळाला पंख असतात पण उडता जवळजवळ येत नाही. त्याचा सगळा प्रवास माणसाच्या मालातून, खोक्यांतून, गाडीच्या डब्यांतून. एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी शकुंतला आगगाडी जिथून सुटायची, त्या मूर्तिजापूर जंक्शनच्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आगगाडीत कपाशीच्या गाठी चढतात तशी न दिसणारी बिऱ्हाडंही चढतात.

झुरळाचं जेवण पाहायचं असेल तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी बांधावा. तांबडा उजेड झुरळाला फारसा दिसत नाही, त्यामुळे ते पळत नाही. रात्री घर निजल्यावर ओट्यावर साखरेच्या पाण्याचा एक थेंब ठेवून बसावं. आधी मिशा येतात. थेंबाच्या आसपास हवेत फिरतात, मग भुईला टेकतात, वास घेतात. झुरळ एक-दोन पावलं पुढे सरकतं. आता तोंडाच्या बाजूचे लहान सांधेदार अवयव, ज्यांना पाल्प म्हणतात, ते थेंबावर टकटक टेकू लागतात. त्यांच्या टोकांवर चव कळणारे बारीक केस आहेत. इथे मंजुरी मिळाली की डोकं खाली जातं आणि आतल्या, खालच्या ओठावरच्या केसांना चव लागते. मग जबडे हलतात. आपल्यासारखे वर-खाली नाहीत, आडवे, कात्रीसारखे. लाळ सुटते. घास पोटात गेला की तो आधी अन्नपुटात साठतो, पुढे पेषणीत दातांच्या कड्याने दळला जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर चव नापसंत झाली तर झुरळ मागे सरतं, आणि मग जे करतं ते पाहण्याजोगं आहे: पाय तोंडातून ओढून, मिशा ओढून, तोंड पुसत बसतं.

साखरेकडे झुरळाचा ओढा का, याचं उत्तर त्याच्या शरीराच्या हिशेबात आहे. प्रयोगात धाकट्या झुरळाच्या पिल्लांना आधी फक्त प्रथिनांचं किंवा फक्त पिठूळ खाणं दिलं आणि मग दोन्ही पुढे ठेवलं, तर ज्याची कमतरता झाली होती तेच ती जास्त खातात आणि तोल भरून काढतात. एकूण कल मात्र पिष्टाकडे आणि गोडाकडे. प्रथिनांचा तुटवडा झुरळ दुसऱ्या वाटेने भागवतं. त्याच्या चरबीच्या पेशींत ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू राहतात, आईकडून अंड्यात उतरलेले. नत्र वाया न घालवता ते त्याचं पुन्हा अमिनो आम्ल करून देतात. त्यामुळे नुसत्या भाताच्या शितांवर आणि साखरेच्या कणांवर झुरळ जितकं तग धरतं, तितकं बहुतेक कीटक धरणार नाहीत. कोणती साखर, कोणतं पीठ त्याला जास्त खेचतं हे जपानच्या त्सुजी यांनी १९६५ मध्येच तीन जातींवर, तांदळाच्या कोंड्यातले घटक वेगवेगळे करून तपासलं होतं. तांदळाचा कोंडा! गिरणीवाल्याला विचारा, तो संशोधनाशिवाय सांगेल.

घरातली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडीने असतात. गुळात सुक्रोजबरोबर ही दोन्ही थोडी सुटीही असतात. मधात ती जवळजवळ सगळी सुटीच. मोड आलेल्या धान्यात माल्टोज, म्हणजे ग्लुकोजच्या दोन कड्या. आणि उन्हाळ्यात, अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वऱ्हाडात घरोघरी जी पुडी फोडून पाण्यात ढवळतात, ते ग्लुकोज. ही यादी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मूळ गोष्ट. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत झुरळं मारायची म्हणजे फवारा. भिंतीच्या कडेने, कपाटाच्या मागे विष फवारायचं. मग कंपन्यांनी आमिष काढलं: गोड लगद्यात सावकाश चढणारं विष. झुरळ खाऊन बिळात जातं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा पिल्लं खातात, कारण लहान पिल्लं बिळाबाहेर फार जात नाहीत, तीही मरतात. आमिष जबरदस्त चाललं. गोडीसाठी त्यात स्वस्तातली मक्याची साखर, म्हणजे ग्लुकोज घातलेलं असे.

काही वर्षांतच फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल गावातल्या काही घरांतून तक्रार आली की आमिष चालत नाही. ज्यूल्स सिल्व्हरमन हे कीटकशास्त्रज्ञ तेव्हा अशी आमिषं बनवणाऱ्या उद्योगात काम करत होते. झुरळं विष पचवायला शिकली असतील अशी पहिली शंका येणं साहजिक होतं. पण त्या घरांतली झुरळं प्रयोगशाळेत आणून त्यांना तेच विष दिलं तर ती मरत होती. मग आमिषातला एकेक घटक काढून, बदलून पाहणं सुरू झालं. सरतेशेवटी कळलं की झुरळांना विष चालत होतं, ग्लुकोज चालत नव्हतं. शुद्ध ग्लुकोजला तोंड लागलं की ती दचकून मागे व्हायची. ग्लुकोजशिवाय दुसरं काही दिलं नाही तर खंगायची, पण तोंड लावायची नाहीत. फ्रुक्टोज मात्र खुशाल खायची. हा शोधनिबंध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही नावड शिकलेली नव्हती, अनुवांशिक होती. संकर करून पाहिल्यावर ती एकाच जनुकाकडून पुढे जाते असं दिसलं. ज्या घरातली झुरळं मूळ नमुना म्हणून वाढवली, त्याच्या क्रमांकावरून त्या वाणाला आजही टी-१६४ म्हणतात. एका भाड्याच्या खोलीचा क्रमांक विज्ञानात कायमचा राहिला, ही गोष्ट मला का कोण जाणे फार आवडते.

झालं काय होतं? त्या घरांतल्या हजारो झुरळांत एखाद्याला जन्मतःच ग्लुकोज नकोसं वाटत असणार. आमिष येण्याआधी हा तोटाच होता, कारण ग्लुकोज म्हणजे फुकटची ऊर्जा. अशी झुरळं ग्लुकोज असलेल्या अन्नावर सावकाश वाढतात हे पुढे मोजूनही झालं आहे. पण सगळ्या ओट्यांवर विषारी ग्लुकोज मांडलं गेल्यावर गोडखाऊ मेले आणि तोंड वाकडं करणारे उरले. दोन-चार महिन्यांत एक पिढी, या वेगाने त्यांचीच पिल्लावळ घर भरून राहिली.

नावड नेमकी कशी होते हे कळायला आणखी वीस वर्षं लागली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात आयाको वाडा-कात्सुमाता आणि कोबी शाल यांनी सिल्व्हरमन यांच्यासह झुरळाच्या तोंडातल्या एकेका चव-केसाला सूक्ष्म तार जोडून मज्जापेशींचे विद्युत इशारे मोजले. प्रत्येक केसाच्या बुडाशी वेगवेगळ्या कामाच्या पेशी असतात. एक गोडाला बोलते, दुसरी कडूला, म्हणजे कॅफिनसारख्या नकोशा पदार्थांना. साध्या झुरळात ग्लुकोजला फक्त गोडाची पेशी बोलते. टी-१६४ मध्ये ग्लुकोजला कडूचीही पेशी बोलली, आणि तिने गोडाचा इशारा दाबून टाकला. मे २०१३ मध्ये हे 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं. झुरळाला ग्लुकोज आवडेनासं झालं, असं म्हणणं इथे अपुरं आहे. त्याच्या तोंडाला ते खरोखर कडू लागतं. गोडी साखरेत नसते, खाणाऱ्याच्या मज्जातंतूत असते, हे शिकवण्यासाठी मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

इथपर्यंतही समजण्यासारखं होतं. पुढे प्रकरण लग्नापर्यंत गेलं. या जातीचा नर मादीसमोर पाठ करून पंख उचलतो. पाठीवरच्या ग्रंथीतून साखरा आणि स्निग्ध पदार्थांचा रस पाझरतो. मादी तो चाटायला पाठीवर चढते आणि त्या क्षणी नर समागम साधतो. या रसात माल्टोज असतं, आणि तीन कड्यांचं माल्टोट्रायोज. मादीची लाळ माल्टोजला लागली की त्याचं ग्लुकोज होतं. आता मादी ग्लुकोज कडू लागणारी असेल तर काय होणार? रुखवतातला लाडू हौसेने तोंडात टाकावा आणि दातांखाली कडुलिंब निघावा, तसं. मादी उतरून निघून जाते. नर पंख उचलून उभाच. घराघरांत विषापासून वाचवणारी खोड लग्नात आड आली.

झुरळांनी त्यावरही वाट काढली. ग्लुकोज न चालणाऱ्या वाणातल्या नरांच्या रसात माल्टोज कमी आणि माल्टोट्रायोज जास्त असतं, जे लाळेत सावकाश फुटतं. शिवाय हे नर वेळ दवडत नाहीत. मादी चाटू लागताच, तोंड कडू व्हायच्या आत, समागम साधतात. हे २०२३ मध्ये छापून आलं. मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत मोलाचा भाग. आपण फक्त आमिषात साखर घातली होती. त्यातून एका कीटकाच्या प्रणयाची घाईसुद्धा बदलली. विष फक्त मारतं असं धरून चालणाऱ्या कुठल्याही खात्याने हे प्रकरण आधी वाचावं.

वऱ्हाडच्या वाचकाला यातली निम्मी गोष्ट शेतातून ओळखीची वाटेल. अळी मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडली की आत गुलाबी अळी निघू लागली. बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाचं वेगळं पाकीट मिळायचं, बांधाच्या कडेने पेरायला. म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही थोड्या जगाव्यात आणि त्यांच्याशी संकर होऊन ताकद पातळ व्हावी. पुष्कळांनी ते पेरलंच नाही. आपण काय पेरतोय हे कुणी नीट समजावूनही सांगितलं नव्हतं, हेही खरं. पण अळी आणि झुरळ यांत एक फरक आहे, आणि तो मला वर्गात फार काळजीपूर्वक सांगावा लागे. अळी विष खाते आणि तिचं शरीर ते सोसतं. टी-१६४ झुरळाचं शरीर विष मुळीच सोसत नाही; ते विषापर्यंत पोचतच नाही, घास नाकारतं. पहिल्या प्रकारात विष बदलून पाहता येतं. दुसऱ्यात विष तेच ठेवून गोडी बदलावी लागते. आमिषाच्या कंपन्यांनी ग्लुकोज काढून दुसऱ्या साखरा घातल्या त्या यामुळेच.

विष सोसण्याचा पहिला प्रकार झुरळांतही दिसतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या अमेय गोंधळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियाना व इलिनॉय राज्यांतल्या रहिवासी इमारतींत धाकट्या झुरळांवर प्रयोग केले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एकेक औषध आलटून पालटून वापरलं तरी झुरळांची संख्या जेमतेम होती तेवढीच राहिली, आणि दोन औषधं मिसळून वापरली तर उलट वाढली. एका औषधाला दाद न देणारी झुरळं, ज्याच्याशी त्यांचा कधी संबंधही आला नव्हता अशा दुसऱ्या औषधालाही दाद देईनात, तेही एका पिढीत. एक जागा मात्र अशी निघाली जिथे झुरळांत आमिषातल्या विषाला विरोध सुरुवातीलाच फारच कमी होता. तिथे एकट्या आमिषाने काम झालं. वापरण्याआधी तपासा, हा त्यातला व्यवहार.

झुरळ शिकतंही. वर सांगितलेली ग्लुकोजची नावड जन्मजात आहे, पण त्याशिवाय एकेकट्या झुरळाची स्वतःची स्मृती असते. २००७ मध्ये वातानाबे आणि मिझुनामी या जपानी शास्त्रज्ञांनी मोठ्या झुरळाला साखर देताना ठरावीक वास दिला. काही वेळा हे केल्यावर नुसत्या वासाने त्याच्या लाळेच्या यंत्रणेत हालचाल दिसू लागली. जेवणाच्या नुसत्या खुणेवर लाळ गाळणाऱ्या पावलॉवच्या कुत्र्याने जे केलं ते झुरळानेही केलं. त्याच वर्षी अमेरिकेत दुसऱ्या एका जातीवर दिसलं की वास आणि साखर यांची सांगड झुरळ संध्याकाळी सहज शिकतं आणि सकाळी जवळजवळ शिकतच नाही. सकाळी पहिल्या तासाला वर्ग घेणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

घरच्या उपायांबद्दल पुस्तिकेत एक प्रकरण आहे, ते कुणी वगळू नये. आपल्याकडे बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून गोळ्या करतात आणि कोपऱ्यात ठेवतात. उपाय चांगला आहे: बोरिक आम्ल पोटात गेल्यावर सावकाश मारतं. पण ग्लुकोज न चालणाऱ्या झुरळाच्या लाळेत साखरेचंही ग्लुकोज सुटतं आणि चाटता चाटता ते मागे फिरू शकतं, हे २०२१ मध्ये तपासून झालं आहे. दुसरं, अंडपेटी वाहणारी मादी. धाकट्या झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिल्लं बाहेर पडायच्या सुमारापर्यंत शेपटीशी वागवत हिंडते आणि त्या काळात अगदी थोडं खाते. आमिष आठवडाभर ठेवून उचललं तर नेमकी तीच वाचते, आणि तिच्या पाठोपाठ पुढची फळी. तिसरं, ओट्यावर खरकटं असेल तर झुरळ गोळीकडे जाणार कशाला? आमिष इतर जेवणाशी स्पर्धा करत असतं. रात्री ओटा कोरडा, कचऱ्याचा डबा झाकलेला, भांडी घासलेली असतील तर तीच गोळी कितीतरी जास्त काम करते.

आणि या शेवटच्या मुद्द्याला आपल्या तालुक्यात मोठा वारसा आहे. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. गावात शिरताच हातात खराटा घेऊन आधी गटार साफ करणारा आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून निरुत्तर करणारा हा माणूस कीटकशास्त्र शिकला नव्हता. पण घाण कुठे साचते आणि तिच्यावर कोण पोसतं याचं त्याचं निरीक्षण कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या तोडीचं होतं. २००० पासून राज्यात त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चाललं. रस्ते स्वच्छ झाले, भिंतींवर म्हणी रंगल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखालची फट मात्र कुठल्याही अभियानाच्या तपासणीत येत नाही, आणि झुरळ राहतं तिथेच. त्याची विष्ठा आणि कात यांतल्या प्रथिनांनी लहान मुलांचा दमा बळावतो, हे लक्षात घेतलं तर ती फट आरोग्य खात्याचीही आहे.

काय घेतलं नाही तेही सांगतो. अणुबॉम्बनंतर झुरळच उरणार, छापाच्या गोष्टी इथे नाहीत. पिल्लांना पोटात दूध पाजणाऱ्या डिप्लोप्टेरा झुरळाच्या दुधाचे स्फटिक २०१६ मध्ये बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी उलगडले आणि वर्तमानपत्रांनी लगेच झुरळाचं दूध उद्याचं अन्न म्हणून जाहीर केलं. तो विषय सुरेख आहे, पण इथला नाही. विच्छेदनाची चित्रंही नाहीत. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातलं विच्छेदन थांबवल्यापासून मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचलेलं झुरळ महाविद्यालयांतून गेलं. जुन्या शिक्षकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. मला फारशी वाटली नाही. लाळग्रंथी काढून काचेवर पसरायला आम्ही शिकलो, पण ती लाळ जिवंत झुरळाच्या तोंडात साखरेचं काय करते, हे त्या सगळ्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

म्हणून शेवटचं प्रकरण प्रयोगाचं आहे, आणि तो जिवंत झुरळावर, त्याला न मारता करायचा आहे. बाटलीची तीन एकसारखी झाकणं घ्या. एकात साध्या पाण्यात भिजवलेला कापूस, दुसऱ्यात साखरेच्या पाण्याचा, तिसऱ्यात उन्हाळ्यात प्यायच्या साध्या ग्लुकोज पावडरीच्या पाण्याचा. चवीची, रंगाची पावडर नको, तिच्यात साखरही मिसळलेली असते. दोन्ही गोड पाण्यांत साखर आणि पावडर सारखीच मोजून घाला. घरात त्या महिन्यात फवारा, खडू, बोरिक काहीही वापरलेलं नसावं. झाकणं ओट्याखाली वीतभर अंतराने ठेवा आणि रोज जागा बदला, नाहीतर झुरळ जागा शिकेल आणि तुम्ही ती चव समजाल. लाल उजेडात पाहा. प्रत्येक झुरळ कोणत्या झाकणापाशी थांबलं, पाल्प टेकवल्यावर डोकं खाली घातलं का, किती वेळ खाल्लं, मागे सरून तोंड पुसलं का, एवढंच लिहा. मोठं आणि धाकटं झुरळ वेगळ्या पानांवर नोंदवा. ग्लुकोजच्या झाकणावर पाल्प टेकवून धाकटं झुरळ दचकून मागे फिरलं आणि साखरेपाशी मात्र थोडा वेळ चाटत राहिलं, तर त्या घरात आधी कोणती आमिषं वापरली गेली होती ते आई-वडिलांना, शेजाऱ्यांना, घरमालकाला विचारा आणि उत्तर त्याच पानावर तारखेसह लिहा. सकाळी झाकणं साबणाने धुऊन उलटी घाला, हात धुवा, आणि मगच चहा टाका.